मोगऱ्याचा फ्लॅट

टाळ्या थांबेचनात. वर्णद्वेष आणि बायकांचं बेघरपण या विषयावर मॅडम तासभर तळमळून बोलल्या होत्या. शाल्मली पाणी घेऊन उभीच होती. मॅडम तिच्या पीएचडीच्या गाइड. परदेशी विद्यार्थिनींना घरं मिळवून देणारा बायकांचा गटही दोघींनी मिळूनच उभा केलेला.

"मॅडम, आपल्या गटातल्या त्या केनियाच्या दोघींना घरमालकानं आज बॅगांसकट बाहेर काढलं. तुमचा कोथरूडचा फ्लॅट रिकामाच आहे ना?"

मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "मला तसं काही नाही गं, पण सोसायटीतली माणसं! शिवाय त्यांच्या स्वयंपाकाचा वास भिंतींतून जाता जात नाही म्हणे. उद्याच्या सत्राला मात्र आण हं दोघींना, अनुभव सांगायला. छान शाल वगैरे देऊ."

त्या रिकाम्या फ्लॅटच्या बाल्कनीतल्या मोगऱ्याला वर्षभर शाल्मलीच पाणी घालत होती. तिनं पर्समधून फ्लॅटची किल्ली काढली आणि मॅडमच्या हातातल्या पुष्पगुच्छावर ठेवली.

"आणते ना. बॅगांसकटच आणते."

मॅडमनी पुष्पगुच्छावरून किल्ली उचलली.

"अगं, पण मग माझ्या मोगऱ्याचं काय?"