मायन्याचा रकाना

“आणि यात मायना कुठे लिहायचा?” नानांनी विचारलं.

चारूनं लॅपटॉपवरून मान वर केली. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले तिचे वडील वेंगुर्ल्यातल्या पाखरांवर एक वेबसाइट चालवायचे. तिथे येणाऱ्या वाचकांना आता दरमहा ईमेलनं पत्र धाडायचं होतं आणि त्यांचे पत्ते साठवायला ती स्वस्तातला डेटाबेस शोधत होती.

“फुकटातल्यात फक्त ईमेलचा पत्ता राहतो, नाना. मायन्याचा वेगळा रकाना हवा तर महिन्याला दोनशे रुपये.”

“कोणी तीर्थरूप, कोणी चिरंजीव. सगळ्यांना एकाच मापानं मोजायचं?” नाना कुरकुरले. पण पेन्शनीतून दोनशे जड होते. “राहू दे. फुकटातलाच घे. सरसकट सप्रेम नमस्कार घाल.”

वाचकांनी वेबसाइटवर नोंदवलेले पत्ते चारू मोठ्यानं वाचून भरू लागली. नवव्या पत्त्याला ती अडखळली. तो तिच्या दादाचा होता. सहा वर्षांपूर्वी तो भांडून घराबाहेर पडला, तेव्हापासून नानांनी त्याचं नाव काढलं नव्हतं. हा पत्ता गुपचूप गाळावा असं तिच्या मनात आलं, पण नाना तिच्या खांद्यावरून वाचत होते.

मग धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत ते म्हणाले, “तो दोनशेवालाच घे.”

“अहो, पण आत्ताच तर नको म्हणालात.”

“पोटच्या पोराला सप्रेम नमस्कार कसा घालू?”