सलग झोप

अंथरुणाला खिळलेल्या आईला ऐकू अजिबात येत नव्हतं. काही लागलं की ती उशाशी ठेवलेली पितळी घंटा वाजवायची आणि सून झोपेतून उठून धावायची. शेवटी डॉक्टरांनी मुलाला झापलं, "बायकोला सलग झोप मिळू द्या, नाहीतर घरात दुसरी खाट टाकावी लागेल."

त्याच संध्याकाळी मुलाने घंटेच्या आतला लोलक हळूच काढून घेतला. आईला थोडंच कळणार होतं!

सकाळी बायको कधी नव्हे ती टवटवीत दिसली. तो खुशीतच आईच्या खोलीत गेला. ओल्या गादीवर पडलेल्या आईने घंटा अजून घट्ट धरली होती.

"अरे, आधी सूनबाईचे कान दाखवून आण. रात्रभर वाजवतेय मी. माझ्यासारखं नको व्हायला पोरीचं."