देखणी बेकरी

आतून पडदा वर केला तरी उजेड आला नाही. एनिड क्रॉदर मागच्या दाराने वळसा घालून रस्त्यावर आली आणि तिथेच थबकली. तिच्या बेकरीच्या काचेवर, दारासकट, भलंमोठं चित्र चिकटवलं होतं. चित्रात बेकरीच होती. गुलाबी पडदे, चकचकीत पाव, गोबऱ्या गालांची हसरी बेकरीवाली.

सुंदर गाव स्पर्धेचे परीक्षक आज यायचे होते. रस्त्यावरच्या बंद दुकानांवर समितीने अशीच चित्रं डकवली होती; समोरच्या, केव्हाच धंदा बुडालेल्या खाटकाच्या दुकानात कागदी तंगड्या लटकत होत्या. त्याचं एनिडला काही नव्हतं. पण तिची बेकरी चालू होती.

समितीचा अध्यक्ष नायजेल शिडीवरून फुलांची टोपली टांगत होता.

"नायजेल, माझं दुकान चालू आहे!"

"ठाऊक आहे गं. पण रंगाचे पोपडे उडालेत. म्हणून जरा स्प्रूस अप केलं."

इंग्रजीचं एक बरं असतं. साध्या शब्दाला 'अप'ची शेपटी जोडली की कसलीही लपवाछपवी सजावट ठरते.

"स्प्रूस अप? माझी आई याला टार्ट अप म्हणायची. आणि ते बंदरावर भडक नटून उभ्या राहणाऱ्या बायकांबद्दल म्हणायची! शनिवार आहे आज. गिऱ्हाईक आत येणार कुठून?"

"दुपारपर्यंत कळ काढ, एनिड. गावाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

"आणि मी काय गावाबाहेरची?"

नायजेल शिडी घेऊन पुढच्या खांबाकडे गेला.

एनिड धुमसत आत परतली. भट्टीतून पाव काढत राहिली. नेहमीची माणसं यायची, चित्राचं कौतुक करायची आणि सुपरमार्केटकडे निघून जायची. काचेपलीकडून सगळं ऐकू येत होतं. शेवटी परीक्षक आले.

"अहो, ताज्या पावाचा वाससुद्धा येतोय!" एक बाई म्हणाल्या.

"हो ना," नायजेल म्हणाला. "तीही व्यवस्था केलीय."

हे मात्र अति झालं. एनिडने पावांचा ट्रे उचलला आणि खांद्याने दार ढकललं. चित्र टर्रकन फाटलं, हसऱ्या बेकरीवालीच्या बरोब्बर मधून. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घाम, डोळ्यांत अंगार, अशी ती परीक्षकांपुढे उभी ठाकली.

"ही बेकरी खरी आहे! मी रोज इथे पाव भाजते!"

परीक्षक बाईंनी तिला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. तिच्या हातावरच्या पिठाला बोट लावून पाहिलं. मग टाळ्या वाजवत त्या नायजेलकडे वळल्या.

"कमाल केलीत हो! बाईला काय हुबेहूब नटवलंय!"