पिवळे दिवे

आई राजूरला एकटी होती आणि सुकन्या पारनेरला सासरी. गाडी चालवायला शिकून वर्ष झालं, तरी आईकडं जाते म्हटलं की नवरा म्हणायचा, “पुढचे दिवे पिवळे पडलेत. अंधारात घाटातला रस्ता दिसायचा न्हाई.” म्हणून आज तो मळ्यात गेल्यावर तिनं मोबाईलवर बघून ओल्या पॉलिशपेपरनं दोन्ही दिवे घासले, वर टूथपेस्ट चोळली. बोटं हुळहुळली, पण दिवे काचेसारखे स्वच्छ झाले. “उद्या येते गं,” तिनं आईला फोनवर सांगूनही टाकलं. नवरा परतला, दिवे पाहून हरखला आणि गाडीचे फोटो काढू लागला. “लई भारी! आता गाडी लगेच खपंल.” “पण मला आईकडं...” “दिवाळीला मी नेतो की. अन् गिऱ्हाईक आलं तर सांगायचं, गाडी कुठं फिरलीच न्हाई.” त्यात खोटं काहीच नव्हतं.