पाचवा बांध

अनिता पुढं येऊन उभी राहिली, तरी ग्रामसभा काही गप्प झाली नाही. माइक बिघडलेला, सरपंच बाजीराव शेजाऱ्याशी गप्पांत रंगलेले आणि पुरुषांच्या पाच रांगांमागं, पार भिंतीला टेकून वाडीतल्या बाया बसलेल्या.

"बोला ताई, पण आटपा लवकर," सरपंच म्हणाले.

"पाणी..." एवढंच निघालं, तेही पदरातल्या पदरात. मागं एकीचाही हात वर गेला नाही.

हातांची ही रीत बायांच्या गुरुवारच्या गटातली. जन्मभर दाबलेला आवाज मोकळा करायचा म्हणून गट चालवणाऱ्या सारिकाताई बायांना रिकाम्या भातखाचरांत नेत. एकीनं बांधावर उभं राहून मनातलं बोलायचं, बाकीच्यांनी लांब जायचं आणि ऐकू आलं की हात वर करायचा. दर गुरुवारी एक बांध पुढं. अनिताचा आवाज चौथ्यापर्यंत पोचला होता. पाचव्यावर तिची सासू येसूबाई म्हैस चारत बसायची. "आमी न्हाई कधी वरडलो, आमचं काय अडलं?" म्हणायची. अनिता नवी नवरी असताना तिनंच बजावलं होतं, "तुजा आवाज पडवीपतुर बी येता कामा न्हाई."

आज येसूबाई दाराबाहेर, चपलांच्या ढिगापाशी उभी होती.

अनितानं बांधावर रोवायची तसे पाय रोवले. पुरुषांच्या डोक्यांवरून थेट मागच्या भिंतीकडं पाहिलं.

"बंगल्यांचे स्विमिंगपूल रोज भरत्यात आन् आमच्या वाडीला चार दिसांनी पाणी! आधी वाडीला सोडा, मग बंगल्यांना!"

पुरुषांच्या माना तिच्याकडं वळल्या. मागं गटातल्या नंदाबाईचा हात वर गेला. मग आणखी चौघींचे.

सरपंच गडबडले. "हात कशापायी? मतदान हाय व्हय हितं?"

"न्हाई, भाऊ," नंदाबाई म्हणाली. "ऐकू येतंय, म्हून."

ग्रामसेवकानं मागणी लिहून घ्यायला वही उघडली. अनिताची मान ताठ झाली. आपल्याच आवाजाचा असा अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

तेवढ्यात दाराबाहेर येसूबाईनं डोईवरचा पदर सारखा केला. पण हात काही खाली आला नाही. पदर सोडून तो तसाच वर गेला आणि वरच राहिला.

"फुडं बोल, पोरी," ती म्हणाली. "हितवर येतंय."