मुठीचं माप

माझा नवरा वेइको पुक्को बनवतो; लॅपलंडात आम्ही कमरेला लावून रानात जातो ना, तो न मिटणारा सुरा. पातं कुठलाही लोहार ठोकेल, पण मूठ ज्याच्या त्याच्या हाताची लागते. म्हणून गिऱ्हाईक आलं की वेइको आधी त्याच्या तळहाताभोवती दोरी गुंडाळून माप घेतो. लग्नाआधी माझं तर तीनदा घेतलं, तरी माझ्या सुऱ्याची मूठ जाडच झाली.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या तळ्यावरची रायली आली. मांडलेले सगळे सुरे तिनं हातात धरून बघितले आणि नाक मुरडलं. "एकही बसत नाही गं, इम्पी."

"नखरे कमी कर, बसेल," मी हसून म्हटलं.

"मी करून देतो," वेइको म्हणाला आणि त्यानं कुरळ्या रेषांच्या बर्च लाकडाचा तो ठोकळा काढला, जो मी पाच वर्षं मागत होते. माझा नुसता जळफळाट झाला. रायली माझ्या हातची कॉफी पिऊन लगेच गेली.

आज ती सुरा न्यायला आली. मूठ आवळली आणि हरखलीच. "बघ गं, कसा चपखल बसला!"

खुंटीवरच्या मापाच्या दोरीवर धूळ होती.

"हिचं माप कधी घेतलंस रे?" मी विचारलं.

वेइको दुसरंच एक पातं पुसत राहिला. रायलीनं मात्र सुरा खाली ठेवून हात पटकन खिशात घातला.