तीन खोल्यांची शाळा

साहेबांनी उंबऱ्यापाशी चपला काढल्या, तसे रतिलाल गुरुजी लगबगीनं पुढं झाले.

"असू द्या पायात. शाळा आहे, साहेब."

"उंबऱ्यावर हळदकुंकू दिसतंय, गुरुजी."

"मीच वाहिलं सकाळी," भिकुअक्का हळूच म्हणाल्या.

साक्रीकडचं आडगाव. अक्कांच्या मंडळाची ही धर्मादाय शाळा; फी नाही, उलट दुपारी खिचडी. पण स्वतःची इमारत नसेल तर मान्यता नाही आणि जूनपासून शाळा बंद, असं धुळ्याहून बजावलं होतं. साहेब तेच बघायला आले होते.

"सुरुवात कुठं झाली?"

"मारुतीच्या पारावर," अक्कांचा चेहरा उजळला. "मग हारुनभाईंनी सरकीचं गोदाम दिलं. वादळात पत्रे पार शिवारात उडाले. पत्रे गेले साहेब, पोरगं एक गेलं नाही."

साहेबांनी भिंतीवर थाप मारली. "बांधकाम पक्कं आहे."

"पांझरेची वाळू. माझ्या हातचं पाणी प्यायल्यात या भिंती."

"आणि चौथीच्या वर्गाला धुराडं?"

गुरुजींनी अक्कांकडं पाहिलं.

"पोरांना खिचडी नको का?" अक्का म्हणाल्या. साहेब हसले.

"गुरुजी, तुम्ही जरा थांबा. अक्का, तुमचा आज सोमवार. उपासाला तुम्ही खोटं बोलत नाही, असं सारं गाव सांगतं. म्हणून तुम्हालाच विचारतो. ही इमारत शाळेचीच ना?"

अक्कांनी चौकटीवर हात ठेवला. क्षणभर डोळे मिटले.

"शाळेचीच."

गुरुजी खाली मान घालून फरशीकडं बघत राहिले.

"मग झालं तर. मान्यता मिळेल. जूनमध्ये पाटी लावा."

जीप वळली, धूळ खाली बसली. अक्कांचा मुलगा अभिमन बाक उचलायला लागला.

"माय, हाई बाकं परत गोदाममा धाडू ना? उद्या आपली वास्तुशांत शे. घरमा सामान आननं पडी."

गुरुजींनी हात जोडले. "अक्का, नवं घर एक दिवस मागून घेतलं, आणि वर तुमच्या व्रताला डाग लावला मी."

अक्कांनी कमरेची किल्ली काढून त्यांच्या जोडल्या हातांत ठेवली आणि मुलाकडं वळल्या.

"बाकं राहू दे, भाऊ. सुनले सांग, आपली चूल जुना घरमाच राही."